सेवेची पारख : पंडिता रमाबाई

गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या कामानिमित्त आम्ही काही विद्यार्थी एका वृद्धाश्रमात गेलो होतो. त्या संस्थेचे नाव-गाव येथे देत नाही. त्याची गरजही नाही. हातात एक छापील तक्ता होता. खाटा किती, पंखे किती, संडास-न्हाणीघरे किती, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, रात्री माणूस असतो काय, अशी पंचवीस-तीस कलमे त्यात होती. व्यवस्थापक आमच्याबरोबर फिरत होते. ते सांगत गेले, आम्ही खुणा करीत गेलो. तासाभरात तक्ता भरला. निघताना दाराशी बसलेल्या एका आजींनी माझा हात धरला आणि रात्री कधी येणार का, असे विचारले. मला त्या प्रश्नाचा अर्थ लागला नाही. गाडी सुटायची वेळ झाली होती. पुन्हा येऊ, असे हसून सांगितले आणि निघालो.

शहापूरच्या रस्त्याला लागल्यावर तो प्रश्न मनात टोचू लागला. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नव्हता. ही गोष्ट मी आमच्या एका प्राध्यापकांना सांगितली. त्यांनी उत्तर दिले नाही. ग्रंथालयातून पंडिता रमाबाईंचे एक चरित्र काढून माझ्या हाती दिले. ते वाचल्यावर जे सुचले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

रमाबाईंचे नाव आपणा सर्वांच्या कानावरून गेलेले आहे. विदुषी, सुधारक, शारदा सदनाच्या संस्थापक, धर्मांतरामुळे वादात सापडलेल्या स्त्री, एवढे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. परंतु त्यांच्या आयुष्याकडे आणखी एका बाजूने पाहता येते. अनाथ, आजारी आणि असहाय माणसांसाठी म्हणून चालवलेल्या जागा आतून कशा असतात, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिले, जे दिसले ते जगासमोर मांडले, आणि नंतर तशीच एक जागा स्वतः चालवून दाखवली. सेवेची पारख कशी करावी, हा धडा त्यांच्याइतका कोणी क्वचितच दिला असेल.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक; पण शास्त्रीबुवांनी तो झुगारून पत्नी लक्ष्मीबाईंना शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब रानातला आश्रम सोडून तीर्थयात्रेला निघाले. देवळात पुराण सांगावे, मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्री जावे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम झाला.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचे सारे संपले. १८७४ साली आधी वडील गेले आणि थोड्याच अवधीत आई. आईच्या शेवटच्या आजारात घरात अन्नाचा कण नव्हता. रमाबाई शेजारी बाजरीची भाकरी मागायला गेल्या. पण हात पुढे होईना, तोंडातून शब्द फुटेना. त्या घरच्या बाईंनी प्रेमाने भाकरी दिली. घरी आणली, तेव्हा आईला ती खाण्याचेही त्राण उरले नव्हते. पुढे खांदा द्यायला माणसे पुरेनात. भाऊ श्रीनिवास आणि आणखी दोघे मिळाले. चौथ्या रमाबाई झाल्या. उंची कमी, म्हणून तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. काही काळाने थोरली बहीणही गेली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने हे सारे भोगले. मदत मागायला जाणाऱ्या माणसाची जीभ का वळत नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढच्या साऱ्या आयुष्यात, जो बोलू शकत नाही त्याच्याकडे त्यांची नजर आधी गेली, याचे मूळ येथे आहे असे मला वाटते.

भाऊ-बहीण पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर जातीने वेगळा, प्रांताने वेगळा. १८८१ साली मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आई, वडील, बहीण, भाऊ आणि पती अशी पाच माणसे त्यांनी गमावली होती.

मांडीवरच्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. त्यांनी स्त्री शिक्षिकांची मागणी केली, आणि त्याबरोबर स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे असे आग्रहाने सांगितले. पुरुष डॉक्टरसमोर आपले दुखणे सांगण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या बायका या देशात हजारोंनी आहेत, हा त्यांचा मुद्दा होता. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दवाखाना आहे की नाही, एवढेच त्या विचारीत नव्हत्या. दवाखाना असूनही ज्या बाईला त्यात जाता येत नाही, तिच्या दृष्टीने तो आहे काय, असे त्या विचारीत होत्या. पारख करण्याची ही पहिली रीत.

स्वतः डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा होती. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात राहून त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला आणि तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्या मठातर्फे लंडनजवळ फुलम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवले जाई. रमाबाई तेथे काही काळ राहिल्या. ज्यांना आपल्याकडे दाराशीही उभे केले नसते, त्यांच्याशी तेथील भगिनी मायेने आणि मानाने वागतात, हे त्यांनी पाहिले. त्यांच्या मनावर याचा खोल ठसा उमटला आणि पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी त्याचा मुद्दाम उल्लेख केला. इमारत, पैसा, शिस्त हे सारे आवश्यक खरेच. पण सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाशी कसे बोलले जाते, यावरून घराची योग्यता ठरते, हे माप त्यांना फुलम येथे मिळाले.

येथे आपल्या जिल्ह्याचा एक धागा त्यांच्या चरित्रात येऊन मिळतो. शहापूर-मुरबाडकरांच्या रोजच्या येण्याजाण्यातले कल्याण हे आनंदीबाई जोशी यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म १८६५ चा. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांतच गेले. योग्य उपचार मिळाले असते तर ते वाचले असते, या दुःखातून त्या वैद्यकीकडे वळल्या आणि अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा समारंभाला त्यांच्या दूरच्या नात्यातल्या रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून गेल्या होत्या. आनंदीबाईंना कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाचे काम मिळायचे होते; पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. रमाबाईंनी त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपला इंग्रजी ग्रंथ आनंदीबाईंच्या स्मृतीशी जोडला.

अमेरिकेत रमाबाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. व्याख्याने दिली, शाळा पाहिल्या, बालोद्यान पद्धती शिकल्या आणि बायकांनी चालवलेल्या परोपकारी संस्था निरखल्या. १८८९ साली मराठीत प्रसिद्ध झालेले त्यांचे अमेरिकेच्या लोकस्थितीवरील प्रवासवर्णन आजही वाचण्याजोगे आहे. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षे पैसा पुरवण्याचे त्याने मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या काही विद्यार्थिनींत असलेल्या गोदूबाई पुढे महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणून प्रसिद्ध झाल्या. पुढील वर्षी सदन पुण्यास हलले.

आता पारख उलट बाजूने होऊ लागली. सदनात धर्मशिक्षण सक्तीचे नाही, असा करार होता. परंतु मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत आहे, अशी टीका केसरीतून आणि इतरत्र सुरू झाली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. बॉस्टनच्या मंडळातर्फे ज्युडिथ अँड्र्यूज या बाई स्वतः हिंदुस्थानात आल्या आणि त्यांनी सदनाचा कारभार पाहिला. त्यांचे मत रमाबाईंना अनुकूल पडले. मंडळ दर वर्षी अहवाल आणि हिशेब छापीत असे. दूरवरच्या अनोळखी माणसांना जमाखर्चासह जाब देणे म्हणजे काय, याची सवय रमाबाईंना अशी लागली. टीका करणाऱ्यांचे सारेच खोटे होते, असे म्हणता येणार नाही. ज्या मुलीला दुसरा आधार नाही, तिच्यापुढे आश्रयदात्याचा धर्म स्वीकारताना खरोखर किती पर्याय असतो, हा प्रश्न त्या वेळी रास्त होता आणि आजही रास्त आहे.

यानंतर आले १८९७ साल. रमाबाईंच्या आयुष्यातले, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने, हे सर्वांत महत्त्वाचे वर्ष होय.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्य प्रांतात भयंकर होता. सरकारने भुकेल्यांसाठी गरीबखाने उघडले होते. कागदावर व्यवस्था होती : जागा नेमलेली, शिधा ठरलेला, वर देखरेखीला अंमलदार. रमाबाई पुण्याहून निघाल्या आणि स्वतः ते पाहायला गेल्या. दुष्काळ त्यांनी अंगावर काढलेला होता. म्हणून हे पाहताना डोळे मिटून घेणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी पुढे लिहून काढलेल्या अनुभवांत जे दिसते ते सुन्न करणारे आहे. त्यांनी पाहिलेला पहिला गरीबखाना म्हणजे घरच नव्हते. ती गावाबाहेरची एक राई होती. थंडीत माणसे उघड्यावर, राखेत, धुळीत पडलेली. अन्न म्हणून कोरडे पीठ आणि मीठ. त्या पिठातही माती मिसळलेली. ज्याच्या अंगात रांधण्याची ताकद होती त्याने रांधावे. म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी आणि लहान पोरांनी काय करावे, हे कोणी ठरवलेले नव्हते. तरुण मुली आणि विधवा यांच्यावर नेमलेली माणसेच त्यांच्या असहायतेचा फायदा घेत होती.

मित्रहो, येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. सरकारी नोंदवहीत त्या गरीबखान्यातील माणसांची संख्या बरोबर असेल, वाटलेल्या पिठाचे वजनही बरोबर असेल. हातात तक्ता घेऊन कोणी गेला असता तर त्याने सर्व रकान्यांत खुणा केल्या असत्या. परंतु दुबळ्या म्हाताऱ्याला पीठ देणे म्हणजे जेवण देणे नव्हे, ही गोष्ट त्याला कळण्यास त्या म्हाताऱ्याशेजारी बसावे लागले असते. रमाबाई बसल्या. शिधा दिला गेला काय, हा त्यांचा प्रश्न नव्हता. तो पोटात गेला काय, हा होता. पारख करण्याची ही दुसरी रीत.

आणि केवळ लिहून त्या थांबल्या नाहीत. हाती पैसा नसताना सुमारे तीनशे मुली आणि बायका त्यांनी बरोबर आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग शिरलेला होता. एवढ्या नव्या माणसांना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा पुण्यापासून पूर्वेस, रेल्वेच्या वाटेवर, केडगाव येथे त्यांनी पूर्वी घेतलेल्या जमिनीवर त्या मुलींची सोय करावी लागली. तंबू आणि झोपड्या यांपासून तेथे सुरुवात झाली.

प्लेगने पुण्यात हाहाकार माजवला होता. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याखाली रँडसाहेबांची प्लेग समिती नेमली गेली. सोल्जरांकडून घरांच्या झडत्या, रोग्यांची रुग्णालयात आणि त्यांच्या घरच्यांची विलग छावणीत रवानगी, असे ते दिवस होते. याच साथीत सावित्रीबाई फुले पुत्र यशवंतच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. एका आजारी मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच शहरात, एकाच वर्षी, दोन स्त्रियांनी सेवेची दोन कर्तव्ये केली. एकीने प्राण दिला. दुसरीने, जेथे सेवेच्या नावाखाली दुसरेच काही चालले होते असे तिला दिसले, तेथे बोट दाखवले.

शारदा सदनातील एका मुलीला सरकारी प्लेग रुग्णालयात नेण्यात आले होते, आणि ती रमाबाईंना गमावावी लागली. रमाबाईंनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पत्रात पत्र लिहून तेथील व्यवस्थेविरुद्ध जाहीर तक्रार केली. तरुण स्त्रिया तेथे सुरक्षित नाहीत, त्यांच्या अब्रूची आणि लज्जेची पर्वा केली जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १८९७ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाला. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी रमाबाईंचे आरोप चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. २२ जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि सारे वातावरणच पेटले. विलायतेत असताना प्लेगच्या बंदोबस्तावर आरोप करणाऱ्या गोपाळ कृष्ण गोखल्यांना परतल्यावर, पुरावा उभा करता न आल्याने, जाहीर माफी मागावी लागली. अशा दिवसांत सरकारविरुद्ध तोंड उघडणे किती कठीण होते, याची यावरून कल्पना येते.

रमाबाईंची अडचण तर दुहेरी होती. त्या ख्रिस्ती झालेल्या; म्हणून पुण्यातील अनेकांना त्या परक्या. आणि सरकारला तर अशी अपेक्षा असणार की ख्रिस्ती बाई आपल्या बाजूने बोलेल. त्या कोणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. त्या मुलीच्या बाजूने बोलल्या. ज्या मुलीला नोंदवहीत एका आकड्याइतकीही जागा नव्हती, तिच्यासाठी गव्हर्नरांशी वाद घेतला. हजार रोगी बरे होऊन गेले, असे सरकार म्हणत असेल तर म्हणो. एका मुलीचे काय झाले ते सांगा, असा हा हट्ट होता. तिच्यासाठी न्याय मिळाला नाही. परंतु आपल्या देशात, सरकारी रुग्णालयातील वागणुकीबद्दल एका स्त्रीने रोग्याच्या वतीने जाहीर जाब मागितला आणि तो थेट पार्लमेंटापर्यंत पोहोचला, हे लहान कार्य नव्हे. पारख करण्याची ही तिसरी रीत : सरासरी नको, एक माणूस सांगा.

दुसऱ्याच्या घरातील दोष दाखवणे त्या मानाने सोपे असते. रमाबाईंचे मोठेपण असे की त्यांनी यानंतर तेच काम स्वतःच्या डोक्यावर घेतले. केडगावच्या वस्तीचे मुक्ती सदन झाले. १८९८ च्या सप्टेंबरात त्याचा समर्पण-समारंभ झाला. १८९९-१९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा आणखी शेकडो मुली आल्या आणि तेथील संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. एवढ्या माणसांचे रोजचे धान्य, पाणी, अंथरूण, औषध! आपल्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका वेळचे जेवण करताना आपली काय तारांबळ उडते, हे आठवले म्हणजे त्यांच्या कामाचा अंदाज येईल.

मुक्तीची रचना पाहण्यासारखी होती. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध आणि अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन, अंधांसाठी बार्तिमी सदन असे विभाग होते. अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई आणि या कामात रमाबाईंची कन्या मनोरमा अग्रेसर होती. शेती, विणकाम, स्वयंपाक, छापखाना असे उद्योग चालत. मुलींना लहान-लहान गटांत ठेवून प्रत्येक गटावर एक मोठी बाई नेमलेली असे, आणि पुष्कळदा ती बाई तेथेच वाढलेली असे. म्हणजे देखरेख करणारीला त्या अवस्थेचा अनुभव होता. मध्य प्रांतातील गरीबखान्यात जे चुकले, त्याची जणू एक-एक करून दुरुस्ती येथे केलेली दिसते. तेथे पुरुष मुकादम होते, येथे बायका. तेथे कोरडे पीठ होते. येथे शिजवलेले अन्न. तेथे म्हाताऱ्या आणि आंधळ्या गर्दीत चिरडल्या जात. येथे त्यांना त्यांच्या नावाचे घर होते. आणि चालवणारी बाई बंगल्यात न राहता त्याच आवारात साध्या जाड्याभरड्या पांढऱ्या पातळात वावरत होती. रात्री काय घडते, हे तिला दुसऱ्या दिवशी कोणाकडून विचारून घ्यावे लागत नव्हते.

मुक्तीत सारे आलबेल होते, असा याचा अर्थ नाही. दुष्काळातून आलेल्या कित्येक जणी इतक्या खंगलेल्या होत्या की त्यांना वाचवता आले नाही. एवढ्या गर्दीत साथी आल्या. संस्था आता उघडपणे ख्रिस्ती होती. १९०५ साली तेथे उसळलेल्या धार्मिक भावावेशाच्या लाटेविषयी बाहेर टीका झाली. शारदा सदनाच्या वेळचा तो जुना प्रश्न येथे अधिकच तीव्र झाला : उपाशी मुलीची सुटका करणाऱ्याने तिचा धर्मही ठरवावा काय? रमाबाईंच्या उत्तराशी सर्वांना सहमत होता येणार नाही. मलाही होता आले नाही. पण ज्या मापाने त्यांनी सरकारला मोजले, त्याच मापाने त्यांनाही मोजण्याचा आपल्याला अधिकार आहे, आणि हा अधिकार त्यांनीच आपल्याला दिला. मुक्तीचे दार पाहुण्यांना बंद नव्हते. देशोदेशींची माणसे येत, पाहत आणि बरे-वाईट लिहीत.

सरकारने १९१९ साली त्यांना कैसर-ई-हिंद पदक दिले. ज्या सरकारने बावीस वर्षांपूर्वी त्यांना खोटे पाडले होते, तेच हे सरकार. अखेरची वर्षे त्यांनी बायबलचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही उभी आहे.

आता आपल्याकडे वळतो. शहापूर आणि मुरबाड या आपल्या तालुक्यांत वृद्धांची सेवा हा पूर्वी संस्थांचा विषय नव्हता. म्हातारी माणसे ओटीवर बसत आणि नातवंडे सांभाळत. आता घराघरांतली तरणी पिढी आसनगाव-कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडते, कल्याण-डोंबिवलीला बिऱ्हाड करते; पाड्यावर मागे राहतात ती म्हातारी माणसे. कोणाची रवानगी मग वृद्धाश्रमात होते, कोणाची शुश्रूषागृहात. त्यांच्या रक्षणासाठी कायदे नाहीत असे नाही. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा आणि तपासणीचा कायदा मुंबई राज्यात १९४९ सालीच झाला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे. म्हणजे तक्ते आहेत, रकाने आहेत. ते भरलेही पाहिजेत. पंखे आणि खाटा मोजणे चूक नव्हे. पण ते मोजून झाल्यावर रमाबाईंचे प्रश्न उरतातच. अन्न वाटले हे खरे. ते पोटात गेले काय? दार उघडे आहे हे खरे. सर्वांत दुबळ्या माणसाला त्यातून आत-बाहेर जाता येते काय? सारे ठीक आहे हे खरे. ठीक नसलेले एक माणूस आहे, त्याचे नाव काय? आणि हे विचारताना व्यवस्थापक शेजारी उभे आहेत काय?

यंदा आम्ही त्या वृद्धाश्रमात पुन्हा गेलो. या वेळी परवानगी घेऊन, पण दिवेलागणीनंतर. तक्ता नेला नाही. त्या आजी तेथेच होत्या. पुष्कळ वेळ इकडचे-तिकडचे बोलणे झाले आणि मग हळूहळू खरी गोष्ट निघाली. रात्री संडासाकडे जाण्याच्या वाटेवर दिवा नव्हता. रात्रीचा माणूस होता; पण तो दुसऱ्या टोकाला, आणि त्याला हाक मारण्याचा आजींना संकोच वाटे. एकदा त्या अंधारात पडल्या होत्या. तेव्हापासून संध्याकाळनंतर त्यांनी पाणी पिणेच सोडले होते. उन्हाळ्यातही.

व्यवस्थापक वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना हे ठाऊकच नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. आठवड्याभरात त्या वाटेवर दिवा लागला आणि आजींची खाट दाराजवळ आली.

गेल्या वर्षीचा आमचा तक्ता मी परवा पुन्हा काढून पाहिला. पाण्याची सोय, रात्रीची देखरेख, स्वच्छतागृह, या तिन्ही रकान्यांत माझ्याच अक्षरात होय असे लिहिलेले आहे.

(तृतीय वर्ष कला)